पहिल्या धड्यात काय शिकवावं? कोसंबींची चार पानं आणि आजचं प्रणाली-जीवशास्त्र



तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमावर बोलायला कसा उभा राहिला, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. त्याचं कारण घरातलं आहे. माझी नात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. विषय बायोइन्फर्मॅटिक्स. परवा ती लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "आजोबा, हे कोसंबी म्हणजे ते इतिहासवाले का?" पडद्यावर एक यादी उघडलेली होती. पिकाच्या जनुकांचा नकाशा काढायचा तर कुठलं सूत्र वापरायचं, ते त्या यादीतून निवडायचं. नावं होती हाल्डेन, कोसंबी, आणखी एकदोन. मी म्हटलं, "हो, तेच. पण तू कोसंबी का निवडलंस?" ती म्हणाली, "सरांनी सांगितलं, कोसंबी ठेवा."

आजचं सगळं बोलणं या "ठेवा"बद्दल आहे.

संगणकीय जीवशास्त्र आणि सिस्टिम्स बायॉलॉजी, म्हणजे प्रणाली-जीवशास्त्र, हे विषय आता आपल्याकडे नवे राहिले नाहीत. पुणे विद्यापीठात बायोइन्फर्मॅटिक्सचं केंद्र १९८७ साली सुरू झालं. २००६ साली पुण्यात आयसर आली. आपल्या जिल्ह्यातली मुलं तिकडे जातात, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठात पीकपैदास शिकणाऱ्यांनाही या गोष्टींशिवाय चालत नाही. म्हणजे हा विषय पहिल्यांदा शिकवताना काय शिकवावं, हा आता आपला प्रश्न आहे. माझं म्हणणं एवढंच, की पहिल्या धड्यात मॉडेलमधलं गृहीतक शोधायला आणि त्याला प्रश्न विचारायला शिकवावं. सॉफ्टवेअर त्यानंतर. हे म्हणणं मी दोन मजकूर समोर ठेवून तपासणार आहे. एक आहे दामोदर धर्मानंद कोसंबींचा १९४४ सालचा चार पानांचा लेख. दुसरं, आज जगभर पहिल्या अभ्यासक्रमाला लावलं जाणारं उरी ॲलन यांचं पाठ्यपुस्तक.

आधी कोसंबी. जन्म १९०७, गोव्यातला. शिक्षण हार्वर्डचं. १९४४ साली ते पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. त्याच वर्षी आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात नेहरू कैदेत बसून 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहीत होते. पुढे १९४६ साली कोसंबींनी त्या ग्रंथावर लेख लिहिला. नेहरूंबद्दल आदर ठेवून त्यांनी विचारलं, की या सगळ्या शोधात वर्गाचा प्रश्न कुठे गेला? म्हणजे समोरच्या लिखाणात काय न बोलता धरून चाललेलं आहे, ते शोधायचं. ही त्यांची सवय ध्यानात ठेवा. लंडनहून निघणाऱ्या 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स' या नियतकालिकात त्यांचा जनुकांच्या नकाशावरचा लेख आला, त्यातही तीच सवय आहे. फक्त तिथे ती त्यांनी स्वतःच्या सूत्राला लावली.

प्रश्न काय होता ते सोपं करून सांगतो. गणिताला घाबरू नका, शंभरापर्यंत मोजता आलं की पुरे.

आईकडून आणि बापाकडून आलेली गुणसूत्रं जोडीनं असतात. बीजपेशी तयार होताना ती एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात. तिला क्रॉसिंग ओव्हर म्हणतात. दोन जनुकं गुणसूत्रावर जवळजवळ असली तर अदलाबदलीत ती सहसा एकत्र राहतात. लांब असली तर त्यांची ताटातूट जास्त होते. तेव्हा शंभर रोपांत किती ठिकाणी ताटातूट झाली ते मोजलं, की अंतराचा अंदाज येतो. मॉर्गन यांचा विद्यार्थी स्टर्टव्हंट यानं १९१३ साली याच कल्पनेवर फळमाशीच्या जनुकांचा पहिला नकाशा काढला.

पण यात एक मेख आहे. समजा क, ख, ग अशी तीन जनुकं एका ओळीत आहेत. क आणि ख यांची ताटातूट शंभरात २० वेळा होते. ख आणि ग यांचीही २० वेळा. तर क आणि ग यांची किती वेळा होईल? आपण म्हणणार ४०. नगरहून राहुरी आणि राहुरीहून पुढचं गाव यांची अंतरं आपण अशीच मिळवतो. पण ताटातूट अशी मिळवता येत नाही. मध्ये दोनदा अदलाबदल झाली, तर क आणि ग पुन्हा एकत्र येतात. रस्त्यात दोनदा पाठ फिरवली तर तोंड पुन्हा पहिल्याच दिशेला, तसं. अशा दुहेरी अदलाबदली आपल्या मोजणीतून निसटतात.

मग दुहेरी अदलाबदली किती होतात? इथे माहिती संपते आणि माणसाला काहीतरी धरून चालावं लागतं. हाल्डेन यांनी १९१९ साली धरलं, की एका जागची अदलाबदल दुसरीच्या आड येत नाही. म्हणजे शंभरातल्या वीसातल्या वीस टक्के, चार वेळा दुहेरी होणार. उत्तर येतं ३२. पण फळमाशीवरच्या प्रयोगांत दिसत होतं, की एका जागी अदलाबदल झाली की शेजारी लगेच दुसरी होणं कमी होतं. ती अजिबातच होत नाही असं धरलं, तर उत्तर ४०. खरं कुठेतरी मध्ये.

कोसंबींनी काय केलं? त्यांनी म्हटलं, की अगदी जवळच्या अंतरात एक अदलाबदल दुसरीला पूर्ण रोखते असं धरू, आणि अगदी लांबच्या अंतरात अजिबात रोखत नाही असं धरू. ही दोन टोकं निरीक्षणाशी जुळतात. मधे तो अडथळा ताटातुटीच्या प्रमाणात सरळ रेषेत कमी होत जातो असं धरू. एवढं धरलं की सूत्र आपोआप मिळतं, आणि आपल्या उदाहरणाचं उत्तर येतं साडेचौतीस.

आता नकाशाकडे बघा. याच रोपांच्या याच मोजणीवरून हाल्डेनच्या सूत्रानं क ते ग हे अंतर सुमारे ५१ एकक येतं, कोसंबींच्या सूत्रानं सुमारे ४२. पीक तेच, रोपं तीच, मोजणारा तोच. फरक पडला तो धरून चालण्यामुळे. आपल्या रब्बी ज्वारीच्या दहा गुणसूत्रजोड्यांचा नकाशा काढणारा संशोधक त्या यादीतून एक नाव निवडतो, तेव्हा तो हे धरून चालणं निवडत असतो. त्याला ते माहीत असो किंवा नसो.

कोसंबींचा तो लेख मला आवडतो तो सूत्रासाठी नव्हे. सूत्र काही अंतिम नाही. सरळ रेषेतच का? याला जीवशास्त्रातलं कारण त्यांच्याजवळ नव्हतं. अदलाबदल पेशीत नेमकी कशी घडते, हे त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हतं. सरळ रेष धरली की गणित सुटसुटीत होतं, हेही एक कारण होतंच. पण लेखात हे सगळं उघड्यावर आहे. इथवर निरीक्षण, इथून पुढे माझं धरणं, आणि त्यातून हे निघतं. वाचणाऱ्याला भांडायचं असेल तर कुठे भांडायचं ती जागा दिसते.

आपल्या न्यायदर्शनात यासाठी एक नेमका शब्द आहे, उपाधी. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. उलट करा. अग्नी आहे म्हणून धूर आहे? चूक. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या, अग्नी आहे पण धूर नाही. धूर येतो तो ओल्या लाकडामुळे. ओलं इंधन ही इथली उपाधी, म्हणजे अनुमानात न सांगता शिरलेली अट. नैयायिकांची शिस्त अशी, की कुणी अनुमान मांडलं की आधी उपाधी शोधायची. चुलीपाशी बसलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. तिला लाकूड ओलं आहे का हे आधी बघायची सवय असते. मॉडेल करणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र ती सवय मुद्दाम लावावी लागते, कारण त्याचं लाकूड सॉफ्टवेअरच्या आत असतं.

आता दुसऱ्या मजकुराकडे येतो. उरी ॲलन हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, इस्रायलच्या वाइझमान संस्थेतले. त्यांचं 'ॲन इंट्रोडक्शन टू सिस्टिम्स बायॉलॉजी' २००६ साली आलं, दुसरी आवृत्ती २०१९ची. उपशीर्षकात 'डिझाइन प्रिन्सिपल्स' असे शब्द आहेत, म्हणजे जैविक मंडलांची रचनातत्त्वं. पुस्तक फार चांगलं आहे, हे आधी सांगतो. मी सत्तरी ओलांडल्यावर ते वाचलं आणि बरंचसं समजलं, यातच लेखकाचं शिकवणं दिसतं.

एक उदाहरण देतो. पेशीत काही प्रथिनं स्वतःच्याच जनुकाला बंद करतात. हा काय खुळेपणा, असं वाटेल. ॲलन दाखवतात की यात फायदा आहे. घरावरची पाण्याची टाकी घ्या. ती लवकर भरायची तर मोठा नळ लागतो, पण मोठ्या नळानं ती वाहून जाणार. बॉलकॉक बसवला की मोठा नळ सोडता येतो, टाकी झपाट्यानं भरते आणि पातळी आली की पाणी बंद होतं. स्वतःला बंद करणारं जनुक असंच आपल्या पातळीला लवकर पोचतं. हे नुसतं कागदावर राहिलं नाही. २००२ साली ॲलन आणि सहकाऱ्यांनी जिवाणूत चमकणारं प्रथिन घालून हा वेग मोजून दाखवला. मॉडेलनं आधी सांगितलं, मग मोजलं. याला मी मनापासून दाद देतो.

माझी तक्रार आहे ती पुस्तकाच्या दुसऱ्या पावलाबद्दल. ई. कोलाय या जिवाणूचं जनुकांचं जाळं ते घेतात. साधारण ४२० जनुकं, ५२० जोडण्या. त्यात स्वतःचंच नियंत्रण करणारी जनुकं ४०. आता एवढ्याच जनुकांत एवढ्याच जोडण्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या, तर अशी किती सापडतील? एकापेक्षा थोडी जास्त. एक कुठे आणि ४० कुठे! तेव्हा ही नक्षी योगायोगानं आलेली नाही, उत्क्रांतीनं ती काही कामासाठी राखली असणार, असं अनुमान. तीन जनुकांच्या काही नक्ष्यांबद्दलही असाच युक्तिवाद. या नक्ष्यांना नेटवर्क मोटिफ म्हणतात.

उपाधी शोधा. "चिठ्ठ्या टाकून" या शब्दांत ती आहे.

आपल्याकडचं उदाहरण देतो. पारनेर तालुक्यातल्या गावांच्या सोयरिकींचं एक जाळं काढा. या गावची मुलगी त्या गावात, त्या गावची तिसऱ्या गावात, आणि तिसऱ्याची पुन्हा पहिल्यात. अशी त्रिकोणी नाती ढीगभर सापडतील. आता महाराष्ट्रभरच्या गावांत चिठ्ठ्या टाकून तेवढ्याच सोयरिकी लावा. त्रिकोण जवळजवळ नाहीसे होतील. म्हणून पारनेरमध्ये कुणीतरी बसून त्रिकोण आखले, असं म्हणायचं का? कुणी आखलेले नाहीत. लोक जवळच्या गावात सोयरीक करतात, एवढंच. जवळीक ही उपाधी. तुलनेसाठी घेतलेल्या चिठ्ठ्यांत जवळीक नव्हती, म्हणून त्रिकोण नवलाचे वाटले.

हा आक्षेप माझा नाही. २००४ साली 'सायन्स'मध्ये काही संशोधकांनी नेमका हाच मुद्दा घेतला, की शेजाऱ्यांशी जोडण्याची नुसती प्रवृत्ती असली तरी अशा नक्ष्या आपोआप उठून दिसतात. ॲलन आणि सहकाऱ्यांनी तिथेच उत्तरही दिलं. पुढे २००७ साली मायकेल लिंच या उत्क्रांतीशास्त्रज्ञानं मांडलं, की नैसर्गिक निवडीशिवाय, नुसत्या उत्परिवर्तनांच्या आणि योगायोगाच्या ओघातही जनुकांची जाळी गुंतागुंतीची होऊ शकतात. ॲलन यांच्या बाजूनंही एक भक्कम मुद्दा आहे. एकमेकांपासून लांबच्या जीवांत त्याच नक्ष्या स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा सापडतात, त्या अर्थी त्यांचा काही उपयोग असावा. वाद मिटलेला नाही, आणि तो मी मिटवणार नाही. माझी तक्रार अशी, की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापर्यंत हा वाद वाद म्हणून पोचत नाही. तुलना कशाशी केली हे ॲलन सांगतात, लपवत नाहीत. पण ती तुलना योग्य का, हा प्रश्न त्यांच्या पुस्तकात पार्श्वभूमीला जातो आणि 'डिझाइन' हा शब्द पुढे येतो.

त्या शब्दाची मला भीती वाटते. कांटनं १७९० साली यावर विचार करून ठेवला आहे. त्याचं म्हणणं होतं, की जीवांकडे बघताना ते 'जणू' कुठल्या हेतूनं रचले आहेत असं समजल्याशिवाय आपल्याला त्यांचा अभ्यासच करता येत नाही. पण हा 'जणू' आपल्या समजण्याची सोय आहे, निसर्गाबद्दलचं ज्ञान नव्हे. बॉलकॉक कुणीतरी विचार करून बनवला. जनुक कुणी बनवलं नाही. मघाशी टाकीचं उदाहरण मीच दिलं, आणि त्यात 'जणू' म्हणायला मीही विसरलो. इतकं ते सहज निसटतं. संशोधकाच्या मनात तो 'जणू' जागा असतो. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मात्र परीक्षेत लिहितो, "हे मंडल आवाज गाळण्यासाठी डिझाइन केलेलं आहे," आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात.

आता कुणी म्हणेल, सर, मुलांना नोकऱ्या हव्यात, सॉफ्टवेअर यायला हवं. दर वेळी कोसंबींचा लेख उकरत बसलं तर प्रकल्प कधी संपणार? हे खरं आहे. प्रत्येक गोष्ट मुळापासून तपासून कुणाचंच विज्ञान चालत नाही, हाल्डेनचं नाही आणि कोसंबींचंही नाही. शिवाय कोसंबींना देव्हाऱ्यात बसवायला मी आलेलो नाही. त्याच कोसंबींनी १९५९ साली रीमानच्या गणिती गृहीतकाबद्दल संभाव्यतेच्या वाटेनं एक दावा केला, आणि गणितज्ञांनी तो मान्य केला नाही. मोठ्या माणसाच्याही अनुमानात उपाधी शिरते. म्हणून "कोसंबींचं आहे, ठेवा" हेही उत्तर होत नाही.

आणि नोकरीचाच विचार करायचा तर आपल्या जिल्ह्यातला ऊस बघा. ज्वारीत गुणसूत्रांच्या दहा जोड्या, प्रत्येकाचा जोडीदार ठरलेला. प्रवरेच्या काठावर जो ऊस उभा आहे, त्या संकरित उसात गुणसूत्रं शंभराच्या वर असतात. एकाच प्रकारची बरीच गुणसूत्रं, आणि कुणाची जोडी कुणाशी जमेल ते नेहमी ठरलेलं नाही. ताटातूट मोजायची आपली साधी रीतच जोडीदार ठरलेला आहे असं धरून चालते. ज्वारीवर शिकलेली रीत तशीच उसावर चालवली, तर सॉफ्टवेअर कुरकुर करणार नाही, रंगीत नकाशा काढून देईल. त्यात कुठे अडायला हवं हे ज्याला कळतं, तोच संशोधक कामाचा. म्हणूनच उसाचे नकाशे काढणारे फक्त एकाच गुणसूत्रावर एकदाच येणाऱ्या खुणा निवडून घेतात, आणि मग पुढे जातात. त्यांनी उपाधी ओळखली आणि तिच्यासाठी वाट काढली.

मग पहिल्या धड्यात नेमकं काय करावं? माझ्या मते कुठलंही मॉडेल शिकवताना तीन प्रश्न फळ्यावर राहावेत. इथे मोजलं किती आणि धरलं किती? तुलना कशाशी केली, आणि तीच का? काय दिसलं तर आपण हे सोडून देऊ? कोसंबींचा लेख चारच पानांचा आहे, तो दोन तासांत वाचून होतो. त्यानंतर क, ख, ग यांचं गणित मुलांनी हातानं करावं, ३२, साडेचौतीस आणि ४० ही तिन्ही उत्तरं काढावीत, आणि मग ती यादी उघडावी. ॲलन यांचं पुस्तक जरूर लावावं. त्याच्या शेजारी २००४ चा वाद लावावा, म्हणजे त्या पुस्तकाचं खरं मोल कळेल. टाकीचा प्रयोग वादात टिकतो, कारण तो मोजलेला आहे.

हे फक्त जीवशास्त्रापुरतं नाही, असं मला वाटतं. यापुढे पीक कुठलं लावावं, औषध कुणाला द्यावं, याबद्दल मॉडेलं सल्ला देणार आहेत. तो सल्ला शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येईल तेव्हा "असं का?" म्हणून तो विचारील. त्याला "सॉफ्टवेअरनं सांगितलं" हे उत्तर द्यायची वेळ आपल्या मुलांवर येऊ नये.

नातीचं काय झालं, ते सांगून थांबतो. तिनं त्या रात्री तीच मोजणी दोन्ही सूत्रांनी चालवून पाहिली. नकाशांची लांबी वेगळी आली. जनुकांचा क्रम मात्र तोच राहिला. सकाळी ती म्हणाली, "आजोबा, म्हणजे क्रमावर मी जास्त विश्वास ठेवू शकते, अंतरावर कमी." मी तिला एवढंच म्हटलं, की हे वाक्य तुझ्या अहवालात लिही. ते तिनं लिहिलं आहे.

 आता प्रश्न असतील तर घेऊ.